‘आधी टीडीएस भरा, मग पैसे काढा’: ऑनलाइन कॅसिनोकडे गेलेल्या कागदपत्रांचं एक प्रकरण

कळव्यात राहणाऱ्या आणि ऐरोलीत नोकरी करणाऱ्या एका तरुणाचं हे प्रकरण आहे. ओळख पटू नये म्हणून नोकरीचा तपशील आणि रकमा बदलल्या आहेत, घटनांचा क्रम मात्र तसाच ठेवला आहे. त्याला इथे ‘धाकटा’ म्हणतो आणि त्याच्या थोरल्या बहिणीला ‘ताई’. दोघांनी वाचून होकार दिल्यावरच हे लिहितो आहे.

मी ठाण्यात कर-सल्लागाराचं काम करतो. ताईची विवरणपत्रं आमच्याकडे असतात. तिने एका संध्याकाळी एक स्क्रीनशॉट पाठवला आणि विचारलं, “सर, असा टीडीएस आधी भरावा लागतो का?” प्रश्न कराचा होता, पण खरी भानगड भावाची कागदपत्रं कुणाच्या हातात गेली याची होती. ऑनलाइन कॅसिनो ‘तुमची माहिती पूर्ण सुरक्षित’ असं मोठ्या अक्षरांत लिहितात. त्या वाक्यातला किती भाग खरा असू शकतो आणि कुठला भाग खेळणाऱ्याला तपासताच येत नाही, हे या प्रकरणात फार स्पष्ट दिसलं.

पार्श्वभूमी

धाकटा एका मालवाहतूक कंपनीत हिशेबाचं काम करतो. घरी आई आणि तो. ताई लग्नानंतर डोंबिवलीला. रोज कळव्याहून ठाणे, तिथून ट्रान्स-हार्बरची गाडी धरून ऐरोली. गाडीत बसायला मिळालं की फोनवर रमी, महिन्याला पाचशे-हजारांची. त्याने ते कधी लपवलंही नव्हतं.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा नवा कायदा मंजूर केला आणि २२ ऑगस्टला त्यावर राष्ट्रपतींची सही झाली. पैसे लावून खेळायचा ऑनलाइन खेळ, मग तो कौशल्याचा असो की नशिबाचा, चालवणं, त्याची जाहिरात करणं आणि बँकांनी त्याचे पैसे फिरवून देणं, या तिन्हींवर या कायद्याने बंदी आणली. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड. देशातल्या मोठ्या ॲप्सनी पैशांचे डाव लगेच थांबवले. धाकट्याच्या ॲपनेही थांबवले आणि त्याची शिल्लक परत केली. तिथवर सगळं सरळ होतं.

पण त्याच रमीवाल्यांचा टेलिग्रामवर एक ग्रुप होता. तिथे काही आठवड्यांत एका परदेशी कॅसिनोची लिंक फिरू लागली. तीन पत्ती, रूलेट आणि विमान वर जाता जाता गुणाकार वाढत जातो तो खेळ. पत्त्याच्या पट्टीत कुलपाचं चिन्ह, खाली ‘२५६-बिट एन्क्रिप्शन’ आणि कुरासाव या कॅरिबियन बेटाच्या जुगार-परवान्याचा शिक्का. ॲप प्ले स्टोअरवर नव्हतं, एपीके फाइल उतरवून घ्यायची होती. इन्स्टॉल करताना त्याने एसएमएस वाचायची आणि संपर्क-यादी बघायची परवानगी देऊन टाकली.

पैसे भरायचे ते यूपीआयने. दर वेळी नवा क्यूआर कोड येई. एकदा मोबाइल दुरुस्तीच्या दुकानाचं नाव, एकदा कुणा बाईंचं, एकदा कुठल्यातरी ट्रेडर्सचं. कॅसिनोचं नाव कधीच नाही. साधारण दोन महिन्यांत त्याने ४६,००० रुपये भरले. मधे एकदा ६,५०० रुपये काढायला टाकले आणि ते तासाभरात खात्यात आलेही. पाठवणारा कुणी अनोळखी माणूस होता. धाकटा म्हणाला, “सर, पैसे आले म्हटल्यावर कोणाकडून आले ते कशाला बघू?” पुढचा सगळा भरवसा या ६,५०० रुपयांवर उभा राहिला.

अडचण

नोव्हेंबरात स्क्रीनवर ३८,००० रुपये शिल्लक दिसत होती. त्याने सगळी काढायला टाकली. उत्तर आलं, केवायसी पूर्ण करा. आधार दोन्ही बाजूंनी, पॅन, रद्द केलेला चेक, तीन महिन्यांचं बँक स्टेटमेंट आणि तारीख लिहिलेला कागद हातात धरून सेल्फी. त्याने हे सगळं टेलिग्रामच्या चॅटवरच पाठवलं. दुसऱ्या दिवशी डेबिट कार्डाचा दोन्ही बाजूंचा फोटो मागितला, तेव्हा त्याला पहिल्यांदा शंका आली आणि तो फोटो त्याने दिला नाही. लगेच नवा निरोप: कार्ड राहू द्या, ३० टक्के टीडीएस म्हणजे ११,४०० रुपये आधी भरा, मग पूर्ण रक्कम सुटेल. ताईने मला पाठवलेला स्क्रीनशॉट तो हाच.

त्याच आठवड्यात दुसरी कळ आली. पगार जमा झाला, पण एटीएममधून पैसे निघेनात. शाखेत सांगितलं, खात्यावर डेबिट फ्रीज आहे. परराज्यातल्या एका सायबर तक्रारीत त्या ६,५०० रुपयांचा माग या खात्यापर्यंत आला होता. म्हणजे ज्या अनोळखी खात्यातून त्याची ‘जिंकलेली’ रक्कम आली, त्याच खात्यात दुसऱ्या कुणाचे तरी फसवून घेतलेले पैसे शिरले होते. कायद्यानेच बँकांना असे व्यवहार करायला मनाई असल्यामुळे हे कॅसिनो भाड्याने घेतलेल्या खात्यांवर चालतात. पोलिस त्यांना म्यूल खाती म्हणतात. तिथून आलेला पैसा आपल्या खात्यात पडला, की तक्रारीची साखळी आपल्या दारात येते.

साइट काय सांभाळत होती

इथे थोडं थांबावं लागेल, कारण धाकट्याचा बचाव हाच होता, “सर, साइटला कुलूप होतं.”

कुलपाचं चिन्ह आणि एन्क्रिप्शन एवढंच सांगतात, की फोनपासून त्यांच्या सर्व्हरपर्यंत जाताना माहिती मधल्या कुणाला वाचता येणार नाही. महापे एमआयडीसीतून निघालेल्या टेम्पोला कुलूप असतं तसं ते आहे. माल ज्या गोदामात उतरतो तिथे दार आहे का, चाव्या कुणाकडे आहेत, हे त्या कुलपावरून कळत नाही. फसवणाऱ्या साइटलाही असं प्रमाणपत्र फुकट मिळतं. शिवाय इथे कागद साइटवर चढवलेच नव्हते, चॅटवर एका अनोळखी माणसाला पाठवले होते.

जिथे नियामकाचा धाक असतो तिथे चित्र वेगळं दिसतं. ब्रिटनमध्ये जुगाराच्या कंपन्यांना परवाना तिथला जुगार आयोग देतो. तिथे माहितीच्या सुरक्षेची दरवर्षी बाहेरच्या तज्ज्ञांकडून तपासणी करून घ्यावी लागते. कंपनी बुडाली तर ग्राहकाच्या शिलकीला कितपत संरक्षण आहे, हे आधी सांगावं लागतं. आणि या प्रकरणाला थेट लागू पडणारा एक नियम ७ मे २०१९ पासून आहे: ग्राहकाचं वय आणि ओळख खेळायला देण्याआधीच पडताळायची. जी माहिती आधी मागता आली असती, ती पैसे काढायच्या वेळी अट म्हणून पुढे करायची नाही. हा नियम का आणावा लागला ते धाकट्याच्या चॅटवरून समजतं. पैसे भरताना एकही कागद लागला नव्हता. काढताना मात्र संपूर्ण माणूसच कागदावर मागितला. पैसे अडकलेला माणूस काहीही पाठवतो, हे मागणाऱ्याला ठाऊक असतं.

कार्डाचंही तसंच. कार्ड-व्यवहारांच्या जागतिक सुरक्षा मानकांनुसार व्यवहार मंजूर झाल्यावर सीव्हीव्ही, म्हणजे कार्डामागचे तीन आकडे, साठवून ठेवता येत नाहीत. भारतात तर १ ऑक्टोबर २०२२ पासून व्यापाऱ्याने ग्राहकाचा कार्ड नंबरच साठवायचा नाही, त्याजागी टोकन, म्हणजे बदली कोड, वापरायचं असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. अशा काळात कार्डाच्या मागच्या बाजूचा फोटो मागणारा माणूस कुठल्याही मानकाखाली येत नाही, हे त्या मागणीवरूनच समजायला हरकत नव्हती. कार्डाचा फोटो धाकट्याने अडवला, ही या प्रकरणातली सगळ्यात चांगली गोष्ट.

परवान्याचा शिक्का आम्ही दाबून पाहिला. खरा शिक्का दाबला की नियामकाच्या पानावर परवान्याची सद्यस्थिती दिसायला हवी. इथला नुसतं चित्र होता. गोपनीयता धोरण वाचलं, तर त्यात मधेच दुसऱ्याच साइटचं नाव राहून गेलेलं सापडलं.

कराचा हिशेब

ताईच्या मूळ प्रश्नाचं उत्तर सोपं होतं. टीडीएस देणारा कापून घेतो आणि उरलेली रक्कम देतो. घेणाऱ्याने तो आधी पाठवायचा, असं कुठेच नसतं. १ एप्रिल २०२३ पासून ऑनलाइन खेळांतल्या निव्वळ जिंकीवर कलम १९४बीए खाली ३० टक्के कपात होत होती. कापणाऱ्याला टॅन, म्हणजे कर कापणाऱ्याचा नोंदणी क्रमांक, लागतो आणि कपात खेळणाऱ्याच्या २६एएस या कर-नोंदीच्या पत्रकात दिसायची. धाकट्याला मी त्यांच्याकडे टॅन मागायला सांगितलं. उत्तर आलंच नाही. शिवाय निव्वळ जिंक होतीच कुठे? भरलेले ४६,०००, काढलेले ६,५०० आणि स्क्रीनवरचे ३८,००० धरून ४४,५००. म्हणजे सगळे पैसे मिळाले असते तरी तो दीड हजारांनी तोट्यात. तोट्यावर टीडीएस नसतो. हा आकडा कागदावर मांडला तेव्हा धाकटा बराच वेळ बघत राहिला. त्याच्या मनात तो ‘अडतीस हजार जिंकलेला’ होता.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय ११,४०० भरून बघण्याचा. धाकटा त्याच्या अगदी जवळ पोचला होता. “एवढे अडकलेत, त्यात अजून थोडे,” असं त्याचं म्हणणं. हिशेब मांडल्यावर हा विषय संपला.

दुसरा, गप्प बसायचं. ॲप काढून टाकायचं, सिम बदलायचं, बँकेत ‘चुकून आले असतील’ म्हणायचं. या पर्यायाला भीतीचं बळ होतं. खेळावर बंदी आहे, तक्रार करायला गेलो तर आपल्यालाच धरतील, ऑफिसात कळेल, आईला कळेल.

तिसरा त्याला टेलिग्रामवरच सापडला होता. ‘कॅसिनोत अडकलेले पैसे काढून देतो’ म्हणणारा एक जण, आगाऊ फी घेणारा. एकदा फसलेल्याला दुसऱ्यांदा फसवायचा हा ठरलेला धंदा आहे. ताईने त्याला तिथल्या तिथे ब्लॉक करायला लावलं.

चौथा, सगळं खरं सांगून तक्रार नोंदवायची आणि बँकेतही तेच सांगायचं. यातली अडचण भीतीची होती म्हणून ठाण्यातल्याच एका वकिलांना विचारलं. त्यांनी दाखवलं, की नव्या कायद्यातल्या शिक्षा चालवणाऱ्याला, जाहिरात करणाऱ्याला आणि पैसे फिरवून देणाऱ्याला आहेत. खेळणाऱ्याला त्यात शिक्षा नाही. ही एक गोष्ट कळायला धाकट्याचे जवळपास दोन आठवडे गेले होते. सगळ्यात महाग पडले ते हेच आठवडे.

काय केलं

“ताई, आईला सांगू नकोस,” हे त्याचं पहिलं वाक्य. ताई म्हणाली, “आईचं मी बघते. तू आधी ते ॲप उडवू नकोस.” हे तिला सुचलं ते फार बरं झालं. टेलिग्रामवर समोरचा माणूस दोन्हीकडचं चॅट पुसू शकतो. म्हणून आधी पुरावे: चॅट, प्रत्येक क्यूआरवरचं नाव, प्रत्येक व्यवहाराचा १२ आकडी यूपीआय क्रमांक, साइटचा पत्ता, टीडीएसचा निरोप. नंतर ॲपच्या परवानग्या काढल्या, ॲप काढलं, फोन फॅक्टरी रीसेट केला. नेट बँकिंगचा पासवर्ड त्याआधी ताईच्या फोनवरून बदलला. एसएमएस वाचणारं ॲप फोनवर असताना त्याच फोनवर ओटीपी मागवण्यात अर्थ नव्हता.

मग १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर लेखी तक्रार. पैसे कॅसिनोत भरले होते हे स्पष्ट लिहायचं की नाही, यावर घरात वाद झाला. धाकट्याला ‘गुंतवणूक’ असं लिहायचं होतं. वकिलांनी आणि मी दोघांनीही नको म्हटलं. स्टेटमेंट आणि चॅट पोलिसांसमोर येणारच, आणि तिथे एक शब्द खोटा निघाला की खरे शब्दही संशयात जातात.

बँकेकडून त्याला एक चुकीची अपेक्षा होती. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे तीन कामकाजी दिवसांत कळवलं की पैसे परत मिळतात, असं त्याने ऐकलं होतं. ते संरक्षण ग्राहकाच्या नकळत झालेल्या व्यवहारांना आहे. इथे प्रत्येक वेळी पिन त्यानेच टाकला होता. हे आधीच सांगितलं, म्हणजे शाखेत जाऊन त्यावरून भांडण होणार नाही.

शाखेकडे लेखी अर्ज देऊन तीन गोष्टी मागितल्या: तक्रारीचा क्रमांक, तपास करणारं पोलिस ठाणं आणि वादातली नेमकी रक्कम. सोबत मागणी केली, की गोठवणूक त्या रकमेपुरतीच ठेवावी. केरळ उच्च न्यायालयाने २०२३ च्या एका निकालात बँकांना हेच सांगितलं आहे, त्याचा उल्लेख वकिलांनी अर्जात केला. परराज्यातल्या पोलिस ठाण्याला ईमेलने जबाब, चॅट आणि पोर्टलवरची पोचपावती पाठवली. यावेळी आधार पाठवला तो मास्क केलेला, शेवटचे चारच आकडे दिसणारा, आणि प्रतीवर ‘फक्त अमुक तक्रारीसाठी’ असं तारखेसह लिहून सही केलेला.

आता गेलेल्या कागदांचं. आधारचं बायोमेट्रिक लॉक केलं, म्हणजे बोटाच्या ठशावर पैसे काढायचा मार्ग बंद. संचार साथी या सरकारी पोर्टलवर पाहिलं, त्याच्या नावावर अनोळखी सिम नव्हतं. सिबिलसारख्या, लोकांच्या कर्जांची नोंद ठेवणाऱ्या चारही पतमापन संस्थांचे अहवाल मागवले. त्यातल्या एकात, ज्या कर्ज कंपनीचं नावही त्याने ऐकलं नव्हतं तिची कर्जचौकशी निघाली, केवायसी पाठवल्यानंतर नऊ दिवसांची. पतमापन संस्था आणि कर्ज कंपनी, दोघांकडेही लेखी हरकत घेतली. अशी हरकत ३० दिवसांत निकाली निघाली नाही तर एप्रिल २०२४ पासून ग्राहकाला दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते. त्यामुळे हरकतीची तारीख जपून ठेवायला सांगितलं.

साइटच्या गोपनीयता धोरणात दिलेल्या ईमेलवर ‘माझी कागदपत्रं पुसा’ अशी मागणीही पाठवली. ईमेल परत आला, तो पत्ताच अस्तित्वात नव्हता. वैयक्तिक डेटा संरक्षणाचा आपला कायदा २०२३ चा आहे, भारतातल्या लोकांना सेवा देणाऱ्या परदेशी कंपनीलाही तो लागू होतो आणि त्यात २५० कोटींपर्यंत दंड आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, पण कंपन्यांवरची मुख्य बंधनं त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होणार आहेत. ती लागू झाली तरी नोटीस बजावायला पत्ता लागेल. हक्क आहे आणि ज्याच्यावर बजवायचा तोच सापडत नाही, ही या साइटची खरी व्यवस्था आहे. एन्क्रिप्शन कितीही बिटांचं असलं तरी तिच्यात फरक पडत नाही.

निष्पत्ती

खातं साधारण सात आठवड्यांनी सुटलं. ६,५०० रुपयांवर लियन राहिलं, म्हणजे तेवढी रक्कम अडवलेलीच राहिली, बाकी पगार मोकळा झाला. मधल्या काळात घर ताईने चालवलं. भरलेल्या ४६,००० पैकी काहीही परत आलेलं नाही. कर्जचौकशीची नोंद अहवालातून निघाली आणि त्याच्या नावावर कर्ज उचललं गेलं नाही. आधार, पॅन आणि सेल्फी ज्याच्याकडे गेले त्याच्याकडेच आहेत, त्यावर उपाय नाही.

आईला ताईनेच सांगितलं. धाकट्याला खेळण्याची ओढ अजून होते, हे त्याने स्वतः कबूल केलं. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर तो दोनदा बोलला आहे. ही गोष्ट मी मुद्दाम लिहितो आहे, कारण पैशांचा निपटारा झाला की घरातले लोक हा भाग विसरतात आणि लिंक पुन्हा समोर येते.

वेगळं काय करता आलं असतं

सर्वांत आधीचा टप्पा क्यूआरवरच्या नावाचा. पिन टाकण्याआधी यूपीआय घेणाऱ्याचं नाव दाखवतं. कॅसिनोचे पैसे मोबाइल दुरुस्तीवाल्याच्या नावे जात असतील, तर तिथेच फोन खिशात ठेवायला हवा होता. पुढचे सगळे प्रश्न त्या नावातूनच आले.

कागदांच्या टप्प्यावर, समजा द्यायचेच असं त्याने ठरवलं होतं, तरी मास्क केलेला आधार देता आला असता आणि प्रत्येक प्रतीवर कारण लिहिता आलं असतं. बँक स्टेटमेंट तर द्यायलाच नको होतं. पगार किती, कुठून येतो, हप्ते कोणते, औषधांचं दुकान कुठलं, हे सगळं त्यात असतं. पैसे वळते करायला खाते क्रमांक आणि आयएफएससी पुरतो.

बँकेच्या शाखेलाही एक सांगावंसं वाटतं. फ्रीज लागलं तेव्हा खिडकीवर त्याला “पोलिसांना विचारा” एवढंच उत्तर मिळालं. कुठले पोलिस, कुठला क्रमांक, हे अर्ज दिल्यावर कळलं. ती माहिती पहिल्याच दिवशी एका कागदावर मिळाली असती, तर त्याची गप्प बसण्याची मुदत तरी कमी झाली असती. घाबरलेल्या माणसाला अर्ज करायचं सुचत नाही.

ताईच्या मते तिने पहिल्या दिवशी रागावायला नको होतं. मला तसं वाटत नाही. ती रागावली आणि त्याच संध्याकाळी तिने पुरावे गोळा करायला बसवलं. त्याच्या ऑफिसातल्या, हे आधीपासून ठाऊक असलेल्या मित्रांनी मात्र त्याला ‘सिम बदल’ एवढाच सल्ला दिला होता.

६,५०० रुपयांचं लियन हे लिहिताना कायम आहे. त्यासाठी परराज्यातल्या पोलिस ठाण्याशी ईमेल चालू आहेत आणि वकिलांच्या मते ती रक्कम मूळ तक्रारदाराला जाईल. धाकट्याचीही त्याला हरकत नाही. पतमापनाच्या चारही संस्था वर्षाला एक अहवाल मोफत देतात, म्हणून यापुढचे अहवाल आम्ही एकदम न मागवता वाटून घेतले आहेत: जानेवारीत एकीचा, एप्रिलमध्ये दुसरीचा, जुलैत तिसरीचा, ऑक्टोबरात चौथीचा. तारखा ताईच्या फोनमध्ये लावल्या आहेत.